आई ‘बस’ म्हणते तेव्हा: बडोद्यातल्या एका वृद्धनिवासाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

माननीय विश्वस्त मंडळ आणि व्यवस्थापक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे तळमजल्यावर, नऊ नंबरच्या खोलीत, खिडकीजवळच्या कॉटवर माझी आई राहते. वय ८१, आणि तिला स्मृतिभ्रंश झाला आहे. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मी तिला आपल्याकडे आणलं. त्याआधी तीन वर्षं ती घरी माझ्याजवळ होती. दूध उतू जाऊन गॅस विझायचा आणि वास खोलीभर पसरायचा. एकदा पहाटे ती कडी काढून बाहेर पडली आणि सुरसागर तलावाच्या कठड्याशी सापडली. त्यानंतर मी हिंमत हरले. हे आधीच सांगते, कारण आईला आपल्याकडे सोपवण्याचा निर्णय माझा होता आणि त्याचं ओझंही माझंच आहे.

पत्रात संस्थेचं नाव मी घातलेलं नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही. आपल्याकडे चादरी रोज बदलतात, फरशी स्वच्छ असते, रात्री दोन वाजता हाक मारली तरी आयाबेन येतात. रात्री दोनला उठणं म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. तरी हे पत्र उघडपणे लिहिते आहे. जे माझ्या आईच्या बाबतीत झालं ते या शहरातल्या दुसऱ्या निवासांतही होत असणार, आणि तिथल्या मुलामुलींना ते कळतही नसणार. मलासुद्धा सहा महिने कळलं नव्हतं.

मार्चमधल्या एका बुधवारी वाघोडिया रोडला माझं काम होतं, म्हणून मी दुपारी बाराच्या सुमारास आपल्याकडे आले. भेटीची वेळ चार ते सहा. दारावरच्या भाईंनी पाच मिनिटांसाठी सोडलं, त्यांचे उपकार. खोलीत आईचं जेवण चाललं होतं. आयाबेन ताट हातात धरून कॉटपाशी उभ्या होत्या. आईनं दोन घास खाल्ले, मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, शेजारची गादी हातानं थोपटली आणि म्हणाली, “बस.”

“बस? पूरुं?” बेननं विचारलं.

“हो, बस. बस ना गं,” आई हसून म्हणाली.

“सारुं, बा.” आणि ताट गेलं.

मी दारात उभी होते. माझ्या पायातलं बळच गेलं. आमच्या डांडिया बाजारच्या वाड्यात आलेल्या प्रत्येक माणसाला आईनं पन्नास वर्षं हेच सांगितलं होतं. बस. उभ्यानं पाणी पिऊ नकोस, उभ्यानं घास भरवू नकोस, बस आधी. त्या दिवशीही ती बेनला जवळ बसायलाच सांगत होती. गुजरातीत बसायला ‘बेस’ म्हणतात आणि ‘बस’ म्हणजे झालं, आता नको. एका मात्रेचा फरक. मराठीतही आपण कधी पुरे या अर्थानं बस म्हणतो, हे खरं आहे. पण आई ताटावर बसल्यावर तसं म्हणत नाही. ती ‘पुरे’ म्हणते, आणि म्हणताना हात ताटावर आडवा धरते. बेनला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं, सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही.

दिवाळीत आईचं वजन ४७ किलो होतं, मार्चमध्ये ४१. तुमच्या रजिस्टरमध्ये चार महिने जवळजवळ रोज दुपारी एकच ओळ आहे: ‘जमवानी ना पाडे छे.’ जेवायला नकार देते. ती नकार देत नव्हती हो. ती पाहुणचार करत होती.

पुढच्या रविवारी मी ते रजिस्टर मागून घेतलं. आपल्या मेट्रनबेननी दिलं, वर मला चहाही पाठवला. मी ते पहिल्या पानापासून वाचलं. त्यातल्या रात्रीच्या नोंदी वाचताना मला जे समजलं ते लिहायला आजही जड जातंय, पण लिहिते.

‘ऊंघतां नथी, पूछ पूछ करे छे.’ झोपत नाहीत, सारखं विचारत राहतात. एकदा, दोनदा नाही, कितीतरी रात्री. मी रात्रपाळीच्या बेनना विचारलं, काय विचारते हो ती? त्या म्हणाल्या, “कंई नहीं, बस ‘शुं? शुं?’ एम करे. हुं कहुं, कंई नथी बा, सूई जाओ.”

मराठी वाचकांना यापुढे काही सांगायला नको. पण विश्वस्तांपैकी बरेचजण गुजराती आहेत, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. गुजरातीत ‘शुं’ म्हणजे काय. आमच्याकडे लहान मूल लघवीला लागली की म्हणतं, ‘शू.’ आई या आजारात उलट्या पावलांनी तिच्या लहानपणाकडे निघाली आहे. लघवी, बाथरूम, संडास हे सगळे शब्द वाटेत पडून गेले, एक ‘शू’ राहिला. ती रात्री अंधारात, लाज गिळून, शू आली म्हणून सांगत होती आणि तिला प्रेमानं उत्तर मिळत होतं, काही नाही बा, झोपा. मग ती आवरून धरायची. मग धरवायचं नाही. मग नोंद व्हायची, पथारी ओली केली.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या रात्री आई स्वतःच उठली आणि मोरीशी घसरून पडली. भुवईवर पाच टाके पडले. त्या रात्रीच्या पानावर दीड वाजता ‘पूछ पूछ करे छे’ आहे आणि दोन वाजून दहा मिनिटांनी पडल्याची नोंद आहे. मधली चाळीस मिनिटं मी किती वेळा मनात घोळवली असतील. नंतर दवाखान्यात लघवीत जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टरांनी मला तेव्हा एक गोष्ट समजावली, ती प्रत्येक निवासातल्या प्रत्येक माणसाला माहीत असायला हवी. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की दर वेळी ताप किंवा जळजळ दिसेलच असं नाही. कित्येकदा दिसतो तो एकदम वाढलेला गोंधळ, चिडचिड, रात्रीची बडबड. आधीच स्मृतिभ्रंश असलेल्या माणसात हा बदल आजारच वाढला म्हणून सहज खपून जातो.

आणि तो तसाच खपून गेला होता. डिसेंबरमध्ये आईला रात्रीची एक गोळी सुरू झाली होती, शांत राहण्यासाठी. ती साधी झोपेची गोळी नव्हती, मनोविकारावरची होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००५ सालीच या जातीच्या नव्या औषधांबद्दल ठळक इशारा दिला आहे की स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो. २००८ साली तोच इशारा जुन्या औषधांनाही लागू केला. कधी कधी गोळी द्यावीच लागते, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर इलाज नसतो, हे मला मान्य आहे. पण माझ्या आईला ती गोळी ‘सारखं विचारते’ म्हणून मिळाली. ती काहीच विचारत नव्हती.

आता कुणी म्हणेल, साठ वर्षं बडोद्यात काढून आईंना गुजराती येत नव्हतं का? येत होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. खंडेराव मार्केटात तिनं भाजीवाल्याशी केलेली घासाघीस ऐकायला मी लहानपणी मुद्दाम तिच्याबरोबर जायची. पण ती गुजराती तिची विसाव्या वर्षानंतरची, लग्न होऊन कऱ्हाडहून आल्यानंतरची. स्मृतिभ्रंशात नवं आधी पुसलं जातं आणि जुनं मागे उरतं. कालचं जेवण आठवत नाही, पण सत्तर वर्षांपूर्वीचं अंगण आठवतं. भाषेचंही बऱ्याचदा तसंच होतं. मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि आईच्या मांडीवर शिकलेली शेवटपर्यंत सोबत करते. गेल्या दोन वर्षांत आईची हिंदी गेली, मग गुजराती गेली. माझं आणि भावाचं बडोदेकरी मराठी, ज्यात ‘फावेल’ आणि ‘सारं’ अर्धं अर्धं असतं, तेही तिला परकं वाटू लागलंय. मला ती हल्ली ‘ताई’ म्हणते. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. संध्याकाळ झाली की ती माझा पदर ओढते, “ताई, संगमावर जाऊया.” कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा संगम आहे, दोघी बहिणी तिथे जायच्या. तुमच्या रजिस्टरमध्ये त्याचं ‘बहार जवुं छे, जिद करे छे’ होतं आणि दाराला आतून कुलूप लागतं. कुलूप लावा, माझी हरकत नाही. पण ‘संगम’ हा शब्द तिथे लिहिलेला असता तर कुणीतरी पाच मिनिटं तिच्याशी नदीबद्दल बोललं असतं. मी बोलते. पाणी किती आहे गं, असं विचारते. ती गुडघ्याला हात लावून दाखवते आणि शांत होते.

तेव्हा विश्वस्तहो, माझी मुख्य मागणी हीच आहे. रजिस्टरमध्ये अर्थ लिहू नका, शब्द लिहा. ‘नकार देते’ हा बेननी लावलेला अर्थ झाला, ‘बस म्हणाल्या’ हा आईचा शब्द. जो कानावर पडला तो, समजला नाही तरी, गुजराती लिपीत जसाच्या तसा लिहून ठेवा. बुधवारी किंवा रविवारी मी येईन आणि त्याचा अर्थ सांगेन. याला पैसे लागत नाहीत, नवं माणूस लागत नाही, एक रकाना लागतो.

हे फक्त मराठी माणसांपुरतं नाही. आईच्या समोरच्या खोलीत एक मल्याळी आजोबा आहेत. रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, खतांचा कारखाना, पेट्रोकेमिकल्स आले, तेव्हा देशभरातून माणसं इथे आली आणि इथेच म्हातारी झाली. त्या आजोबांचा मुलगा दुबईला असतो. ते दिवसभर एकच शब्द म्हणत असतात. मला तो कळत नाही, बेनना कळत नाही. पण फोनवर कुणी तो त्यांच्या मुलाला सांगितला असता तर त्याला एका क्षणात कळला असता. मी त्या खोलीवरून जाते तेव्हा मला आईचे ते चार महिने आठवतात.

आणि हे गाव बडोदं आहे. १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या सरकारनं कारभारातल्या शब्दांचा एक कोश छापला, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’. एकेका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली. आठ भाषा. आई मराठी शाळेत शिक्षिका होती आणि हा कोश ती दर वर्षी मुलांना वाचनालयात नेऊन दाखवायची. सांगायची, राज्य चालवायचं तर एकाचा शब्द दुसऱ्याला कळायला हवा, म्हणून महाराजांनी एवढा खटाटोप केला. त्या बाईंसाठी मी तुमच्याकडे वीस शब्द मागते आहे.

‘त्या बाईंसाठी’ असं मी लिहिलं, आणि त्याबद्दलही बोलायचं आहे. आपल्याकडे सगळ्या आज्यांना ‘बा’ म्हणतात. गुजरातीत यापेक्षा मायेचा शब्द नाही, मला ठाऊक आहे. पण आईला आयुष्यात कुणी बा म्हटलेलं नाही. बा म्हटल्यावर ती वळून बघत नाही आणि मग नोंद होते, ‘सांभळतां नथी’, म्हणजे ऐकू येत नाही. तिला ऐकू येतं. एकतीस वर्षं वर्गातली मुलं तिला ‘बाई’ म्हणत होती, रस्त्यात भेटलेली मोठी माणसंसुद्धा सायकलवरून उतरून ‘बाई, नमस्कार’ म्हणायची. त्या एका हाकेला ती आजही पाठ ताठ करून बसते. आपल्याकडे एका तरुण आयाबेननं माझं ऐकून तिला बाई म्हणायला सुरुवात केली, तर तिला रागावण्यात आलं, कारण इकडे बाई म्हणजे धुणंभांडी करणारी. कृपा करून त्या मुलीला रागावू नका. मराठी शाळेत बाई म्हणजे गुरू.

त्या मुलीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ती छोटाउदेपूरकडची राठवा. घरी राठवी बोलते, गुजराती ती शाळेत शिकली. मला म्हणाली, पहिलीत गुरुजी काय बोलतात ते मला वर्षभर समजलं नाही, मी नुसती रडायची, सगळे म्हणायचे मुलगी हट्टी आहे. एप्रिलमध्ये ती एका दुपारी आईच्या खोलीत धुतलेल्या उशांचे अभ्रे जोडी-जोडीनं मोजत होती आणि मोजता मोजता शाळेतल्यासारखं गुणगुणायला लागली, “बे एका बे, बे दू चार...” कॉटवरून आवाज आला, “बे त्रिक सहा.” मुलगी थांबली. आई म्हणाली, “पुढे? बे चोक?” मुलगी म्हणाली, “आठ.” मराठीत आपण एरवी दोन म्हणतो, पण पाढ्यात मात्र बे. गुजरातीत नेहमीच बे. दोघी एकेक ओळ म्हणत विसापर्यंत गेल्या. एक चुकली की दुसरी हात वर करायची. मग मुलीनं तिथेच कॉटच्या कडेवर बसून आईला भात भरवला आणि आईनं वाटी संपवली.

आता ती रोज दुपारी हेच करते. बसते, पाढा म्हणते, भरवते. मागच्या आठवड्यात आईचं वजन ४३ भरलं.

मात्र त्या मुलीची पाळी बदलली की सगळं पुन्हा पहिल्यावर येतं, म्हणून आणखी दोन-तीन गोष्टी आपल्या बैठकीत मांडाव्यात अशी विनंती आहे. भेटीची वेळ चार ते सहा आहे, आणि या आजारात सगळ्यात वाईट वेळ तीच. ऊन कलायला लागलं की आईचा जीव कासावीस होतो, माणसं ओळखू येत नाहीत, मी गेले तरी मी चोर वाटते. सकाळी अकराला ती वेगळी असते, गाणं म्हणते, माझ्या बांगड्या मोजते. आठवड्यातून एक दिवस तरी घरच्यांना जेवणाच्या वेळी येऊ द्या. आम्ही अडथळा करणार नाही, उलट दहा जणांना भरवायला दोन हात वाढतील. बाहेरचं खाणं आणायला बंदी आहे ती समजण्यासारखी आहे, पण मेतकुटाची एक छोटी बाटली खोलीत ठेवायला परवानगी द्यावी. आपल्याकडचा भात मऊ असतो. त्यावर मेतकूट आणि तूप घातलं की आई डोळे मिटून खाते.

गोळीबद्दल एवढंच. वागण्यात एकाएकी फरक पडला तर गोळी वाढवण्याआधी लघवीची तपासणी करा, बद्धकोष्ठ आहे का बघा, कुठे दुखतंय का बघा, आणि मला फोन करा. रात्री तीनला केला तरी चालेल. फोनवर मला तिचा आवाज ऐकवा. ती काय म्हणते ते मी सांगेन.

डांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, मांजलपूर इथल्या मराठी मंडळींनाही या निमित्तानं सांगावंसं वाटतं. आपल्या ओळखीतलं कुणी अशा निवासात असेल, तर नुसतं गप्पा मारायला एकदा जाऊन या. फळं नेली नाहीत तरी चालेल. मराठीत बोला, जुन्या पद्धतीचं, सावकाश. एकदा आमच्या शेजारच्या काकू आल्या आणि आईला म्हणाल्या, “काय हो बाई, भाजी काय केलीत आज?” आई म्हणाली, “घेवडा.” मला तिनं इतक्या महिन्यांत असं सरळ उत्तर दिलं नव्हतं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन डोळे पुसले.

सोबत एक कागद जोडला आहे. तो आईच्या कॉटच्या वर, बेनना दिसेल असा लावावा. भावानं तो गुजराती लिपीत मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, डावीकडे आईचा शब्द, उजवीकडे तिला काय हवं असतं ते. शू: ताबडतोब बाथरूमला न्या. बस: जवळ बसा, ताट नेऊ नका. पुरे: आता झालं. गार: थंडी वाजते आहे, पांघरूण द्या. ताई: मला फोन लावा. संगम: नदीबद्दल विचारा, पाणी किती आहे म्हणा. असे वीस आहेत. शेवटच्या चार ओळी रिकाम्या ठेवल्यात. नवा शब्द ऐकू आला की तिथे लिहा, अर्थ मी भरेन.

येत्या बुधवारी मी अकरा वाजता येते आहे, जेवणाच्या वेळेला. दारावरच्या भाईंना तसं सांगून ठेवावं.

आपली नम्र,
नऊ नंबरमधल्या बाईंची मुलगी